काहीही न विचारणारे घरमालक

आमचे घरमालक दार वाजवायचे आणि लगेच पायऱ्या उतरून जिन्याच्या वळणावर जाऊन उभे राहायचे, भिंतीकडे तोंड करून. दार उघडलं की समोर कोणीच नसायचं. पहिल्यांदा मला वाटलं, मुलं खोड्या काढतायत. मग खालून आवाज आला, "बाई, पाण्याची मोटर बिघडलीय. आज पाणी जपून वापरा." एवढं सांगून ते खाली निघून गेले. वळून बघितलंसुद्धा नाही.

ओळख वाढल्यावर मी एकदा विचारलं, "काका, तुम्ही दारात का नाही थांबत?"

"दारात माणूस उभा असला की उघडणाऱ्याला नाय म्हणता येत नाय," ते म्हणाले. "जरा लांब असला की येतं."

बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात, त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते एकटे राहायचे, वर एका ओळीत भाड्याच्या खोल्या. बायको वारलेली, मुलगी लग्न करून पनवेलला. मी तेव्हा नवऱ्याचं घर सोडून आले होते. उल्हासनगरला कॅम्पात जीन्स शिवायच्या एका कारखान्यात हिशेबाची नोकरी धरली होती आणि खोली शोधत वणवण फिरत होते. जिथे जावं तिथे तेच. मिस्टर काय करतात? येणार कधी? एकट्याच? मग रात्री उशीर झाला तर कोण सोडायला येतं? एका बाईंनी तर माझ्या गळ्याकडे बघून, मंगळसूत्र नाही हे बघून, चहाचा कप अर्ध्यातून आत नेला होता. कारखान्यातले सेठही दोन दिवसांआड म्हणायचे, "बेटा, घरवाला किधर है तेरा?"

काकांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. "पाणी फक्त सकाळी येतं, चालंल ना? आणि पाली लई हायेत वर, भीती नाय ना वाटत?" नाव मी आपणहून सांगितलं.

त्यांनी किल्ली दिली तेव्हा सांगितलं, "एकच हाये. हरवू नका." मला वाटलं, दुसरी त्यांच्याकडे असेल. नव्हती. एकदा मी किल्ली कारखान्यातच विसरून आले, तर काकांनी पहार आणून स्वतःच्याच दाराचं कुलूप तोडलं, कोयंडा वाकवला, आणि दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून सगळं नीट करून घेतलं. मी म्हटलं, "काका, एक जादा किल्ली ठेवली असती तर?"

"माझ्याकडे किल्ली असती तर ती तुमची खोली नसती," ते म्हणाले.

असं काही बोलले की ते लगेच दुसरंच काहीतरी करायला लागायचे. आपण मोठं काही बोललो असं त्यांना वाटायचं नाही. स्टेशनाजवळच्या मोठ्या दुकानात गल्ल्यावरच्या मुलीने मोबाईल नंबर विचारला की ते शांतपणे म्हणायचे, "तुमचा सांगा, मी करतो फोन." मुलगी गोंधळायची, मागची रांग वैतागायची. बँकेत, दवाखान्यात, कुठेही त्यांचं नाव विचारलं की आधी विचारणाऱ्याचं नाव विचारायचे. उद्धटपणे नाही, अगदी पाहुण्याला विचारावं तसं. गल्लीतले लोक त्यांना चक्रम म्हणायचे आणि त्यांच्याकडूनच शिडी आणि पहार मागून न्यायचे.

हे सगळं कुठून आलं ते त्यांनी मला एका दुपारी शेंगा सोलता सोलता सांगितलं. ते मूळचे अंबरनाथजवळच्या मोरिवलीचे. त्यांच्या वडिलांची भातशेती कारखान्यांच्या वसाहतीत गेली आणि त्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली. ती यांना. कारखान्याचं फाटक बरोबर त्यांच्या खाचराच्या बांधावर उभं राहिलं होतं. रोज संध्याकाळी सुटताना वॉचमन कामगारांची झडती घ्यायचा. हात वर करायचे, डबा उघडून दाखवायचा, मग बाहेर.

"बापाच्या शेतातून बाहेर पडायला हात वर," काका म्हणाले. "उभी हयात गेली. मी काय चोरणार होतो, आत नुसतं ॲसिड होतं." मग म्हणाले, "रिटायर झालो, तरी घरातून बाहेर पडताना माझे हात आपोआप वर जायचे. उंबऱ्यात आलो की वर. आमची मंडळी हसायची. मग एक दिवस हसायची बंद झाली."

गल्लीच्या तोंडाशी खांबावर कॅमेरा बसवला तेव्हाची गोष्ट गल्लीत अजून सांगतात. कॅमेऱ्याचं तोंड थेट आमच्या जिन्याकडे होतं. काकांनी खांबाच्या बुंध्याशी घोसाळ्याचं बी टोचलं. पावसाळ्यात वेल सरसर वर गेला आणि पिवळी फुलं कॅमेऱ्यावर डुलू लागली. बीटवरचा हवालदार आला. तो चांगला माणूस होता, येता-जाता काकांकडे पाणी प्यायचा.

"काका, कॅमेरा झाकणं गुन्हा आहे. वेल का चढवला?"

"मी कुठं चढवला? तो चढला."

हवालदार हसला आणि दोन घोसाळी घेऊन गेला. पण त्याच महिन्यात समोरच्या इमारतीतल्या एका बाईंच्या गळ्यातलं मंगळसूत्र मोटरसायकलवाल्यांनी ओढून नेलं. कॅमेऱ्यात फक्त पानं दिसली. बाई रडत काकांच्या दारात आल्या, "तुमच्या हट्टापायी चोर सुटले." त्या संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा ते जिन्याखाली उभे होते. नेहमीसारखे लांबच.

"बाई, तुम्ही अंधार पडल्यावर येता. खरं सांगा, तुम्हाला तो कॅमेरा हवा का?"

मी खरं ते सांगितलं. "हवा, काका. मला बरं वाटतं."

सकाळी वेल कापलेला होता. कोणाला तरी हवं आहे म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने कोयता घेतला. म्हणून मी म्हणते, त्यांना चक्रम म्हणणाऱ्यांना ते कळले नव्हते. त्यांना कॅमेऱ्याचा राग नव्हता. न विचारता लावल्याचा होता.

माझ्या शेजारच्या खोलीत सफिकुल आणि त्याची बायको तस्लिमा राहायचे. तो लादी बसवायचा. बदलापुरात जे टॉवर उभे राहतायत, त्यांतल्या कितीतरी घरांच्या जमिनी त्याच्या हातच्या. गाव मुर्शिदाबाद जिल्ह्यात. कोरोना संपल्यावर आला तो इथलाच झाला होता. काकांच्या मोरीतली फुटकी लादी त्याने एका रविवारी न सांगता बदलून टाकली, आणि न विचारता बदलली म्हणून काकांनी त्याला लटकं रागावून घेतलं, मग जेवायला बसवलं.

मग देशात दूर कुठेतरी काहीतरी भयंकर घडलं, आणि इकडे सरहद्दीपलीकडून आलेल्यांना हुडकायला तपासण्या सुरू झाल्या. भाडेकरूंची माहिती पोलिसांत द्या, असा हुकूम निघाला. तसा तो आधीही होता, पण आता हवालदार घरोघर फिरू लागला. काका म्हणाले, "माहिती त्यांची हाये, माझी नाय. मी त्यांना विचारतो. ज्याला द्यायची तो देईल."

त्यांनी खरोखर एकेका दाराला जाऊन विचारलं. मी नको म्हटलं. माझ्या नवऱ्याचा एक चुलत भाऊ पोलीस खात्यात होता आणि माझा पत्ता कुठल्याही कागदावर चढायला मला नको होता. काकांनी कारण विचारलं नाही. "बरं," म्हणाले आणि पुढच्या दारी गेले.

पुढचं दार सफिकुलचं. मी माझ्या दारात होते, त्यामुळे त्यांचं बोलणं मी ऐकलं.

"काका, हमारा जमा कर दो ना," सफिकुल म्हणाला. "सब पेपर है मेरा. आधार है, वोटर कार्ड है. झेरॉक्स भी निकाला है."

"तेरे को क्या जरूरत है? तू चोर है क्या?"

"चोर नहीं काका, इसलिए तो दे रहा हूँ."

"रख तेरे पास," काका म्हणाले. "किसी के सामने हात वर करके नही रहने का."

सफिकुलने झेरॉक्स परत घेतल्या. काकांचा शब्द त्याला मोडवला नसावा.

पोलीस एका कामाच्या दिवशी दुपारी आले, साध्या कपड्यांत, आणि साइटवरून बंगाली बोलणारे सगळे गडी गाडीत घालून घेऊन गेले. ठेकेदाराने फोन केला. मी त्या दिवशी तापामुळे घरीच होते. काका आणि मी रिक्षाने पोलीस ठाण्यात गेलो. तस्लिमाला आम्ही सोबत नेलं नाही, न जाणो तिलाही बसवून ठेवतील.

ओसरीवर गडी ओळीने खाली बसले होते. सफिकुलच्या केसांत सिमेंट होतं. आम्हाला बघून तो ओळखीचं हसला. "काका, मेरा कटर मशीन साइट पे रह गया. ठेकेदार को बोलना संभालके रखे." संध्याकाळपर्यंत परत जाऊ, असाच त्याचा हिशेब होता.

आत टेबलापाशी एक साहेब होते. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही, शेवटपर्यंत.

"हा तुमच्याकडे राहतो?"

"होय. कोरोना संपला तेव्हापासून."

"पुरावा?"

"मी सांगतोय की."

"तुम्ही सांगताय हा पुरावा नाही. त्याचं आधार आहे, पण आधार काय, कुठेही बनतं. भाडेकरू म्हणून तुम्ही नोंद दिली होती?"

"नाय."

"का?"

काकांनी टेबलाची कड धरली. "तो देत होता. मी नको म्हणालो."

साहेबांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. "का पण?"

"मला वाटलं, मी त्याची बाजू घेतोय."

साहेबांनी ते कागदावर उतरवून घेतलं. मग काका म्हणाले, "गल्लीत तुमचा कॅमेरा हाये. सफिकुल रोज जिना चढलाय, उतरलाय. त्यात बघा."

"जुनं पुसलं जातं, काका," मागे उभा असलेला आमचा हवालदार खालच्या आवाजात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर ओसरी रिकामी होती. कुठे नेलं ते सांगायला कोणी तयार नव्हतं. ती माणसं कुठल्या पथकाची, कोणाच्या हुकमाने, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. काका या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरले. प्रत्येक खिडकीत त्यांना आधी नाव विचारलं, आणि त्यांनी मुकाट्याने सांगितलं.

तस्लिमा माझ्या खोलीत झोपू लागली. जिन्यावर कोणाची पावलं वाजली की ती पलंगाखाली सरकायची. काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी जिना चढणंच सोडलं. खालूनच हाक मारायचे, आधी स्वतःचं नाव सांगून.

बऱ्याच दिवसांनी तिच्या मोबाईलवर अनोळखी नंबरवरून फोन आला. ती बोलत होती, ऐकत होती, आणि एकदम भिंतीला टेकून खाली बसली. सफिकुलला आणि आणखी काही जणांना विमानाने कुठेतरी नेलं होतं, मग गाडीत घालून सरहद्दीवर, आणि पहाटे बंदुकांपुढे पलीकडे चालायला लावलं होतं. मागे वळलात तर गोळी घालू, असं सांगून. तो तिकडच्या एका खेड्यातल्या दुकानातून बोलत होता. तस्लिमाने मला त्याचं वाक्य हिंदीत सांगितलं. "बोलता है, दुकान का नाम बांगला में लिखा है, लोग भी बांगला बोलता है, पर ये अपना बंगाल नहीं है."

तो परत आला, हे आधीच सांगते. त्याच्या गावच्या लोकांनी धडपड केली, आजोबांच्या जमिनीची कागदपत्रं काढली, बंगालमधल्या अधिकाऱ्यांनी बोलणी केली, आणि एक दिवस त्याला आपल्या हद्दीत घेतलं. तो सरळ गावी गेला. तस्लिमाही गेली. जाताना तिने खोली झाडून-पुसून दिली. काका तिला स्टेशनावर सोडायला गेले होते. ती त्यांच्या पाया पडायला वाकली तेव्हा ते मागे सरकले.

काकांवर खटला झाला, भाडेकरूची माहिती न दिल्याचा. उल्हासनगरच्या कोर्टात तारीख होती. कारखान्यातून सुट्टी घेऊन मी गेले. वकील म्हणाला, "कबूल करा, थोडा दंड होईल, सुटाल." आमची गल्ली पैजा लावून बसली होती की म्हातारा काही कबूल करायचा नाही, वरच्या कोर्टात जाईल.

मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"कबूल हाये," काका म्हणाले. "पण कलम चुकलंय."

"काय म्हणालात?"

वकिलाने त्यांची बाही ओढली. "काही नाही मॅडम, कबूल आहे." मॅजिस्ट्रेटबाईंनी पुढची फाईल उघडली होती.

त्यानंतर काका पार बदलले. पोलीस ठाण्यातून छापील फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आले. माझं दार वाजलं. मी सवयीने खाली वाकून बघायला गेले, तर ते समोरच उभे होते. अगदी दारात.

"बाई, हे भरा."

"काका, मी तेव्हा सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. मी कारण विचारलं नव्हतं, आजही विचारत नाय." त्यांनी फॉर्म पुढे केला. "पण उद्या तुम्हाला कोणी उचलून नेलं, आणि मला विचारलं, ही कोण, तर माझ्याकडं दाखवायला काय हाये? मला रात्रभर झोप नाय. भरा. माझ्यासाठी भरा."

मी तिथेच उभ्याने भरला. नवऱ्याचं नाव, कायमचा पत्ता, आधीचा पत्ता, सगळं. ते मान खाली घालून थांबले होते. नवऱ्याच्या नावापाशी माझं पेन थांबलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्याच वर्षाच्या शेवटी माझ्या त्या पोलिसातल्या चुलत दिराचा मला फोन आला. "हेंद्रेपाड्यात असतेस म्हणे." पत्ता कुठून मिळाला त्याने सांगितलं नाही. फॉर्मवरून मिळाला असेल किंवा आणखी कुठून. आता आपण कुठे कुठे लिहिलेले आहोत ते आपल्यालाच माहीत नसतं. मी पंधरवड्यात अंबरनाथला खोली बघितली. काकांना सांगितलं की तिथून कारखाना जवळ पडतो. त्यांचा विश्वास बसला की नाही, माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ते आजारी असल्याचं कळलं म्हणून भेटायला गेले. अंगणात खाटेवर बसले होते. खूपच वाळले होते. पनवेलची मुलगी सोबत होती, तिने चहा दिला आणि म्हणाली, "या वयात एकटे मुर्शिदाबादला जाऊन आले. तेव्हापासून अंथरूण धरलंय."

मला माहीत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं.

"त्याचं कटर मशीन ठेकेदाराकडून घेऊन ठेवलं होतं," काका म्हणाले. "ते द्यायचं होतं."

"भेटला सफिकुल?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तस्लिमाने जेवायला वाढलं. भात, मासळी. घर बरं हाये त्यांचं, कौलारू. तो घरात नव्हता. ती म्हणाली, हल्ली गावात कोणी परका माणूस आला, गाडीचा आवाज आला, की हा मागच्या दारानं शेतात जातो. दिवसभर येत नाय. लादीचं काम सोडलं. मी म्हटलं, त्याला सांग, मी हाये. तिने पोराला पाठवलं सांगायला, शेजारच्या. पोरगं एकटंच परत आलं."

"मग?"

"मी बसलो संध्याकाळपर्यंत. मागच्या पडवीतून शेत दिसतं. तो पार तिकडं बांधावर उभा होता."

"लांबून ओळखलं नसेल त्याने," मी म्हटलं.

"ओळखलं," काका म्हणाले. "हात केला त्यानं. मीपण केला. लई वेळ आम्ही दोघं हात करत उभे होतो. पण जवळ नाय आला."